दिसत नव्हतं, सर!

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आणि विषय सुचवला, ‘एआय आणि आपली मुलं’. पुण्याहून कुणी सॉफ्टवेअरवाली आली की तिने याच विषयावर बोलावं, असा आता रिवाजच झालाय. मी विषय बदलून घेतला. त्याचं कारण असं, की मागे आपल्या ग्रुपवर एका मित्राने विचारलं होतं, ‘पोरगं कबड्डी झकास खेळतं, पण चष्मा लागलाय. खेळ बंद करावा का?’ त्यावर तिघांनी ‘ऑपरेशन करून टाक’ म्हटलं, एकाने गाजर सुचवलं आणि एकीने हात जोडलेलं चित्र टाकलं. मी रात्री साडेअकरापर्यंत टाइप करत बसले आणि शेवटी सगळं पुसलं, कारण ते फार लांबलं होतं. ते आज बोलते.

पण सुरुवात आपल्या मैदानापासून करावी लागेल.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आणि उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा, असं आपलं मैदान. सर सकाळी साडेसहाला शिट्टी वाजवायचे. आठवीत मी खो-खोच्या संघात होते. पळायला बरी होते, हे सरसुद्धा मान्य करतील. पाठलागात मात्र माझा घोळ व्हायचा. पळणारी जवळ असली की दिसायची. खांबाकडे गेली की नुसता एक पांढरा ठिपका. पाठीवर खो बसला की मी उठायचे आणि नेमकी चुकीची दिशा पकडायचे. खो-खोत एकदा दिशा घेतली की मागे वळता येत नाही, त्यामुळे फाऊल ठरलेला. सर ओरडायचे, “लक्ष कुठंय तुझं?” गंमत म्हणजे मलाही तेच वाटायचं, की आपलं लक्ष नसतं. घरी आईलाही तसंच वाटायचं. माझ्या प्रगतिपुस्तकावर ‘हुशार आहे, लक्ष देत नाही’ असा शेरा दोन वर्षं होता.

लक्ष होतं, सर. दिसत नव्हतं.

नववीत गणिताच्या बाईंच्या लक्षात आलं, की मी फळ्यावरचं न उतरवता शेजारणीच्या वहीतून उतरवते. त्यांनी बाबांना बोलावून घेतलं. नंबर निघाला उणे अडीच. इंजिनिअरिंगला गेल्यावर मला त्याचा हिशोब कळला. एकाला अडीचने भागलं की येतात ०.४ मीटर, म्हणजे चाळीस सेंटिमीटर. तेवढ्या अंतरापर्यंत मला स्पष्ट दिसत होतं, पुढचं सगळं धूसर. खो-खोच्या दोन खांबांमध्ये तेवीस-चोवीस मीटर अंतर असतं. मी दोन वर्षं नुसत्या अंदाजावर खेळले. मुलांना धूसर दिसतं तेव्हा ती तक्रार करत नाहीत, कारण सगळ्यांना असंच दिसतं असा त्यांचा समज असतो.

चष्मा लागला आणि माझा खेळ सुधारला. त्या काळात चष्म्याची मुलगी मैदानात म्हणजे हसायचा विषय, पण बाबांनी एक उदाहरण तयार ठेवलं होतं. “अंशुमन गायकवाड बघ. चष्मा लावून वेस्ट इंडिजच्या तोफखान्यासमोर उभा राहिला.” ते खरंच होतं. १९७६ साली किंग्स्टनला होल्डिंगचा चेंडू त्यांच्या कानावर बसला, पुढे १९८३ मध्ये त्यांनीच जालंधरला पाकिस्तानविरुद्ध ६७१ मिनिटं खेळून २०१ धावा काढल्या. मी चष्म्याला मागून नाडी बांधली आणि खेळत राहिले.

मग जिल्हा स्पर्धा आल्या. खांबाला धरून मी सूर मारला, नाडी सुटली, चष्मा उडाला आणि पळणाऱ्या मुलीचा पाय त्याला लागला. तेव्हा चष्म्याला खरी काच असायची, आणि आपण सगळे अनवाणी खेळायचो. सामना थांबला. सर, पंच आणि दोन्ही संघांच्या मुली गुडघ्यावर बसून मातीतले काचेचे तुकडे वेचत होत्या, हे दृश्य मला आजही जसंच्या तसं दिसतं. त्या मुलीला सुदैवाने काही झालं नाही. मला कुणी रागावलं नाही, खेळू नकोस असंही कुणी म्हटलं नाही. मीच पुन्हा मैदानावर गेले नाही. दहावीचं वर्ष आहे, असं सांगितलं सगळ्यांना.

आता उडी थेट पुण्यात. माझी लेक खो-खो खेळते. मी तिला घातलं नाही, शाळेतून येऊन तिनेच सांगितलं, “आई, मी खो-खोत आहे.” बाराव्या वर्षी तिचा नंबर उणे तीनवर गेला. आई-वडील दोघंही चष्मेवाले, त्यामुळे नवल नव्हतं. पण मला ते काचेचे तुकडे आठवले.

आमच्यापुढे काय काय होतं? खेळासाठीचा चष्मा: पॉलीकार्बोनेटची न फुटणारी भिंगं आणि डोक्यामागून जाणारा रुंद पट्टा. तो घेतला. चांगला असतो, फक्त घामाने धुकं धरतो आणि कडेचं कमी दिसतं. दिवसा लावायच्या मऊ लेन्स: त्या तिने तीन आठवडे वापरल्या. मातीच्या मैदानावर सूर मारला की कण लेन्सखाली जायचा आणि ही डोळा चोळत बाहेर. ऑपरेशन, म्हणजे लेसर, अठराच्या आत आणि नंबर स्थिर झाल्याशिवाय करत नाहीत. शिवाय लेसिक या पद्धतीत कॉर्नियावर एक पातळ झडप कापतात. जिथे कोपर डोळ्यावर बसू शकतं अशा खेळात ती झडप सरकायची भीती राहते. म्हणून ग्रुपवर ‘ऑपरेशन करून टाक’ लिहिणाऱ्या मित्रांनो, बारा-तेरा वर्षांच्या पोरासाठी तो सल्ला मागे घ्या.

मग नेत्रतज्ज्ञ बाईंनी चौथा मार्ग सांगितला, ऑर्थोकेरॅटॉलॉजी. बोलण्यात ऑर्थो-के म्हणतात. रात्री झोपताना कडक लेन्स लावायची, सकाळी काढायची, आणि दिवसभर चष्मा नाही, लेन्सही नाही. मला आधी ही जाहिरातबाजीच वाटली. आपल्या बसस्टँडसमोर ‘पंधरा दिवसांत चष्मा घालवा’ असे बोर्ड असायचे ना, तसलं काहीतरी. म्हणून मी वाचत बसले.

डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. जवळचं दिसतं पण लांबचं दिसत नाही अशा डोळ्यात प्रकाश पडद्याच्या थोडा अलीकडे एकवटतो. कॉर्नियाचा मध्यभाग किंचित सपाट केला, की तो मागे सरकून बरोबर पडद्यावर येतो. किंचित म्हणजे किती? त्याचं एक ढोबळ सूत्र आहे: नंबर गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले तीन. लेकीचा नंबर तीन, सपाट करायचा भाग चार मिलिमीटरचा धरला, तर उत्तर येतं सोळा मायक्रॉन. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो. केसाच्या पाव जाडीएवढा फरक, आणि पोरीला समोरच्या इमारतीवरची पाटी वाचता येते! लेन्स वजनाने दाबत नाही. तिच्या आतल्या वळणामुळे अश्रूंच्या पातळ थरातला दाब कुठे जास्त, कुठे कमी होतो. मध्यावरचा पेशींचा थर पातळ होतो आणि भोवतीचा थोडा जाड. कापसाच्या गादीवर झोपून उठलं की खळगा राहतो, तसं. आणि गादी जशी दिवसभरात फुगते, तसाच हा खळगाही भरत जातो. म्हणून रोज रात्री लेन्स. सोडली तर काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, जुना नंबर परत.

कल्पना जुनी आहे. १९६२ साली शिकागोच्या जॉर्ज जेसेन यांनी कडक लेन्सने कॉर्नियाला आकार देण्याची पद्धत मांडली होती. पण तेव्हाच्या लेन्समधून प्राणवायू जात नसे, आणि कॉर्निया आपला प्राणवायू थेट हवेतून घेतो. रात्री पापणी मिटलेली, वर अशी लेन्स म्हणजे डोळ्याचा श्वास कोंडणार. प्राणवायू जाऊ देणारी द्रव्यं आली, उलट्या वळणाची लेन्स आली, आणि मग जमलं. २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रात्री वापरायच्या अशा लेन्सला उणे सहापर्यंतच्या नंबरासाठी मंजुरी दिली. व्यवहारात उणे चारपर्यंत काम चांगलं होतं, त्यापुढे कठीण.

इथे माझं क्षेत्र थोडंसं आलं, म्हणून जरा थांबते. लेन्स बसवण्याआधी कॉर्नियाचा नकाशा काढतात. डोळ्यासमोर एकात एक गोल वर्तुळं उजळतात, त्यांचं प्रतिबिंब डोळ्यावर पडतं, आणि ती वर्तुळं कुठे दबली, कुठे फाकली यावरून संगणक हजारो बिंदूंची उंची काढतो. शेतजमिनीच्या सर्व्हेचा नकाशा असतो तसाच, फक्त अकरा-बारा मिलिमीटरच्या शेताचा. त्या नकाशाबरहुकूम लेन्स कातली जाते. ज्या दवाखान्यात हा नकाशा न काढता कुणी रात्रीची लेन्स देऊ करेल, तिथून उठून यायचं.

पहिल्या रात्री लेक रडली. “डोळ्यात खडा गेलाय, आई.” मीही रडले, ते तिला दिसू दिलं नाही. सकाळी लेन्स काढली तर म्हणाली, “घड्याळात सहा पस्तीस झालेत.” भिंतीवरच्या घड्याळात, पलंगावरून, चष्म्याशिवाय. पूर्ण नंबर उतरायला आठवडा-दहा दिवस लागले. त्यानंतर ती मातीत कशीही लोळली तरी माझा जीव टांगणीला लागेना. सूर मारताना चष्मा सावरायला तिचा हात नकळत नाकाकडे जायचा, ती सवय मोडायलाच जास्त दिवस गेले.

सगळं काही छानच आहे, असं नाही. संध्याकाळपर्यंत थोडा नंबर परततो. अंधारात बाहुली मोठी होते आणि सपाट भागाच्या कडेवरून प्रकाश शिरतो, त्यामुळे दिव्यांभोवती वलयं दिसतात. खो-खो आता मातीतून मॅटवर आणि मोठ्या दिव्यांखाली आला. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर या आपल्या महाराष्ट्राच्या दोघांनी भारताचे दोन्ही संघ जिंकून आणले, तेही छताखाली, झगमगाटात. तिथे ही वलयं त्रास देऊ शकतात. माझी लेक म्हणते, मला सवय झाली. मी पूर्ण विश्वास ठेवत नाही.

आता मुख्य गोष्ट. ही मी ग्रुपवर लिहिली नसती, समोरासमोरच सांगायची होती.

गेल्या वर्षी दिवाळीला आम्ही इकडे आईकडे आलो. निघायची घाई, फराळाचे डबे, आणि लेन्स धुवायच्या द्रावणाची बाटली पुण्यात राहिली. रात्री दहाला लक्षात आलं. आपल्याकडचं पाणी तुम्हाला माहीत आहे. नळ आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी, तोवर हौद आणि टाकी. ते तर मी वापरणार नव्हतेच. मी शहाणपणा केला: विकतच्या जारचं, फिल्टरचं पाणी घेतलं, त्याने लेन्स धुतली आणि लेकीच्या डोळ्यात घातली. एक रात्र काय होतंय! इंजिनिअर बाई, आणि वाचलं सगळं होतं बरं का, की पाणी लावायचं नाही, कुठलंच नाही. वाचलेलं रात्री दहाला उपयोगी पडत नाही.

सकाळी उजवा डोळा लाल. उजेड सहन होईना, पाण्याची धार. पाडव्याचा दिवस. गावातल्याच नेत्रतज्ज्ञांनी सुट्टी असून तपासलं, हे आपल्या गावाचं भाग्य. श्री गणपती नेत्रालयामुळे जालन्यात डोळ्यांसाठी आसपासच्या जिल्ह्यांतून माणसं येतात, ती परंपराच आहे इथे. डॉक्टरांनी डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बघितलं. कॉर्नियावर ओरखडा होता, जंतुसंसर्ग नव्हता. मग मला बसवून त्यांनी अकांथअमीबा नावाच्या जीवाबद्दल सांगितलं. तो नळाच्या, टाकीच्या, विहिरीच्या, कुठल्याही पाण्यात असू शकतो. आपण तो पितो आणि काही होत नाही. पण लेन्सखाली, ओरखड्यावर, रात्रभर मिटलेल्या डोळ्यात तो सापडला, तर महिनोन्‌महिने उपचार आणि तरीही दृष्टी जायची भीती. “तुम्ही वाचलात,” एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मी नंतर आकडे शोधले. ऑर्थो-के वापरणाऱ्या दहा हजार जणांमागे वर्षाला साधारण आठ जणांना कॉर्नियाचा संसर्ग होतो, मुलांमध्ये साधारण चौदा, असा एक अंदाज २०१३ साली प्रसिद्ध झालाय. आकडा लहान आहे. पण ते चौदा कुणाचे तरी चौदा आहेत, आणि त्या रात्री माझी त्यातली एक होता होता राहिली. खेळासाठी डोळे नीट असावेत म्हणून मी धडपडत होते आणि माझ्याच हाताने डोळा घालवला असता. पंधरा दिवस लेन्स बंद. चार दिवसांत नंबर जवळपास परत आला. पुण्यात तिची निवड चाचणी होती, ती तिने पट्ट्याच्या चष्म्यावर दिली आणि राखीव खेळाडूंत आली. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “यापुढे लेन्स मीच धुणार. तू हात लावायचा नाहीस.” तेव्हापासून तीच करते. साबणाने हात, मग स्वच्छ कोरड्या कपड्याने हात कोरडे, मग द्रावण. डबी दर महिन्याला नवी. सर्दी-ताप असला तर लेन्स नाही. शिबिराला, रेल्वेच्या प्रवासाला, जिथे हात धुवायचीही खात्री नाही तिथे लेन्स नाही, पट्ट्याचा चष्मा. तिच्या किटबॅगेत तो कायम असतो.

म्हणून मित्रा, तुझ्या पोराबद्दल विचारशील तर मी आधी लेन्सचं नाव घेणार नाही. आधी विचारीन, पोरगं डोळे चोळतं का? आपल्याकडची धूळ आणि ऊन, त्यात ॲलर्जीने डोळे खाजणारी मुलं फार. सतत चोळून कॉर्निया शंकूसारखा पुढे आला असेल तर ही लेन्स चालत नाही. ते नकाशातच कळतं. मग विचारीन, रात्री आठ तास झोपतं का, दात सांगितल्याशिवाय घासतं का? हसू नका. दात न घासणाऱ्याला ही लेन्स देऊ नये, हे माझं ठाम मत आहे. पैशांचंही सांगते: आम्हाला जोडी चाळीस हजारांच्या घरात पडली, ती दर वर्ष-दोन वर्षांनी बदलायची, आणि तपासण्यांच्या फेऱ्या वेगळ्या. एवढा खर्च न झेपणं यात कमीपणा काहीच नाही. पट्ट्याचा चष्मा त्याच्या कितीतरी कमीत येतो आणि खेळ थांबत नाही.

एक फायदा मात्र खेळाच्या पलीकडचा आहे. मुलांचा नंबर वर्षाला वर्षाला वाढतो तो डोळ्याचा गोळा लांबत जातो म्हणून. हाँगकाँगला दोन वर्षं केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ऑर्थो-के वापरणाऱ्या मुलांमध्ये हे लांबणं चष्मेवाल्या मुलांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी दिसलं. पूर्ण थांबत नाही, मंदावतं.

आणि खेळ बंद करू नकोस. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज फक्त चाळीस मिनिटं जास्तीची उघड्यावर घालवायला लावली. तीन वर्षांनी साध्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना नवा उणे नंबर लागला होता, या शाळांत ३०.४ टक्के. चष्मा लागला म्हणून पोराला मैदानावरून उचलून मोबाइलसमोर बसवणं म्हणजे उलटाच कारभार. आपल्याच गावचा विजय झोल २०१४ साली एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. पोरं कुठे पोचतील, सांगता येत नाही.

अजून एक, कारण सकाळपासून दोघांनी बाजूला घेऊन विचारलं. राखीव पोलीस दलाच्या बाजूला पहाटे भरतीसाठी पळणारी आपली पोरं आहेत. ही लेन्स लावून डोळ्यांच्या तपासणीत पास होता येईल का? तसलं करू नका. प्रशिक्षणात चार रात्री लेन्स चुकली की नंबर परत येतो आणि खोटेपणा अंगाशी येतो. जाहिरातीत दृष्टीची अट काय आहे ते आधी वाचा, आणि वैद्यकीय अधिकाऱ्याला खरं सांगा.

माझी दहा मिनिटं केव्हाच संपलीत, संयोजक घड्याळ दाखवतायत. ते मला इथून स्पष्ट दिसतंय, कृपा चष्म्याची. मी येताना डोळे तपासायचा तक्ता आणलाय, तो खालच्या व्हरांड्यात टांगलाय आणि सहा मीटरवर खडूची रेघ मारलीय. जेवणानंतर ज्यांनी मुलं, भाचे, पुतणे आणलेत त्यांनी घेऊन या. एक डोळा झाकून वाचायचं, एवढंच. जे अडखळतील त्यांना डॉक्टरांकडे न्या. मुख्याध्यापकांनी तक्ता ठेवून घ्यायचं कबूल केलंय. दर जूनला खो-खो, कबड्डीची निवड करायच्या आधी सगळ्यांना त्या रेघेवर उभं करणार आहेत.

आणि सर, पहिला नंबर तुमचा. मघाशी स्टेजवर चढताना तुम्ही मला माझ्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारलीत.